दाढ काढली खालची, दुखतेय वरची

दाढ काढून पंचविसावा दिवस. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात मिसळ खायला बसलो होतो. तीन आठवडे गुरगुट्या भात आणि दूध-केळ्यावर काढल्यावरची ही पहिली मिसळ. दुसऱ्याच घासाला मटकीचा एक दाणा सरळ दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसला. जिभेने काढायला गेलो तर आणखी आत. शेवटी घरी येऊन, आरशासमोर मोबाईलचा टॉर्च धरून, दवाखान्यात दिलेल्या वाकड्या तोंडाच्या सिरिंजने कोमट पाणी मारलं, तेव्हा कुठे तो निघाला. अख्खा, मोडासकट.

खड्डा मात्र दुखत नव्हता. दुखत होती वरची डावी दाढ. काढली होती खालची डावी अक्कलदाढ, वरच्या बाजूला कुणी चिमटासुद्धा लावलेला नव्हता. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर निदान तयारच होतं. "भावा, चुकीची काढली बघ. जा, भांड जाऊन."

भांडायला नाही, पण दाखवायला गेलो. डॉक्टरबाईंनी आरशाच्या दांड्याने वरच्या दाढा एकेक करून ठोकल्या. काही नाही. मग गार केलेला कापसाचा बोळा लावला. दाढ शिवशिवली आणि लगेच थांबली, म्हणजे आतली नस जिवंत आणि धडधाकट. नंतर त्यांनी दोन बोटं माझ्या गालावर, कानाच्या जरा पुढे-खाली रोवली आणि म्हणाल्या, "दात आवळा." बोटांखाली टणक गोळा आला. त्यांनी तो दाबला मात्र, कळ थेट वरच्या दाढेत गेली. "दाढेला काही झालेलं नाही तुमच्या," त्या म्हणाल्या. "दुखतोय तो हा स्नायू."

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या. एक कपाळाकडे आणि डोळ्याकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दात, हिरड्या, चावायचे स्नायू, जबड्याचा सांधा, कानाच्या पुढची कातडी, या सगळ्यांचे तंतू मेंदूच्या देठात एका लांबट केंद्रात येऊन पोचतात. तिथून वर निरोप नेणाऱ्या पेशी मात्र तुलनेने थोड्या. एकाच पेशीकडे वरच्या दाढेची तारही येते, खालच्या दाढेचीही, गालाच्या स्नायूचीही. जुन्या पेठांत राहणाऱ्या कोल्हापूरकराला हे फार समजावून सांगावं लागू नये. आमच्याकडे पत्त्यावर 'अमुक तालमीजवळ, मंगळवार पेठ' एवढंच लिहितात. पत्र तालमीपर्यंत बिनचूक येतं, पुढे ते नक्की कुणाच्या दारात टाकायचं हे पोस्टमनच्या अंदाजावर. मेंदूही असाच अंदाज बांधतो आणि दुखण्याच्या बाबतीत बऱ्याचदा शेजारच्या दारात टाकतो. पेठ मात्र सहसा चुकत नाही. डाव्या बाजूचं दुखणं वर-खाली, कानाकडे, कानशिलाकडे भटकेल, पण मधली रेघ ओलांडून उजवीकडे जाणार नाही.

म्हणून दंतवैद्य कधी कधी आधी संशयित जागेला भूल देऊन पाहतात. खालची बाजू बधिर केल्यावर वरची दाढ दुखायची थांबली, तर वरची निर्दोष. किती निरोगी दाढा अशा चुकलेल्या पत्त्यापायी रूट कॅनालच्या खुर्चीत जाऊन बसत असतील कोण जाणे.

आता हा गालाचा स्नायू का रुसला? एक तर तोंड आ वासून मी चाळीस मिनिटं पडलो होतो. त्यानंतर तीन आठवडे एकाच बाजूने चावणं. शिवाय दुखतंय म्हणून झोपेत दात आवळणं, जे आपल्याला कळतही नाही. आणि इंजेक्शन. खालचा अर्धा जबडा बधिर करायचा तर सुई जबड्याच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते तिथपर्यंत न्यावी लागते. ही युक्ती जुनी आहे. १८८४ मध्ये अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी कोकेन टोचून ही नस पहिल्यांदा बधिर केली. कोकेन जाऊन लिग्नोकेन आलं, वाट साधारण तीच राहिली. त्या वाटेला लागूनच जबडा मिटणारा आतला स्नायू आहे. सुई त्याला लागली, आत थोडं रक्त साचलं, की तो आखडतो आणि तोंड उघडेना होतं. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दाढ काढल्यानंतर पहिल्या आठवड्यात दीड-दोन मावली तरी घाबरायचं कारण नाही. रोज थोडं थोडं वाढतंय ना, एवढं पाहायचं. मावत होती ती कमी व्हायला लागली, तर ती वेगळी गोष्ट.

खड्ड्याचं काम त्याच्या गतीने चालू असतं. पहिल्या दिवशी तो रक्ताने भरतो आणि रक्ताची गुठळी होते. हीच गुठळी पुढच्या सगळ्या बांधकामाचा पाया. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मऊ लालसर पेशीजाल तयार होतं, वरून हिरडी कडेकडेने सरकत येते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी मिटते. हाड मात्र सावकाश. सहा-आठ आठवड्यांत आत कच्चं, विस्कळीत हाड भरतं, ते मोडून पक्कं हाड घडायला आणखी काही महिने जातात. मधेच एखादी टोकदार कच हिरडीतून वर येते आणि जिभेला टोचते. लोक म्हणतात दाढेचा तुकडा राहिला. बहुतेक वेळा तो हाडाचा सुटा कपचा असतो, शरीरच त्याला बाहेर ढकलत असतं.

पाया उखडला तर काय होतं ते मी नाही, पण माझ्या मावशीने भोगलंय. दाढ काढल्यावर दोन दिवस बरी होती. तिसऱ्या रात्री असा ठणका सुरू झाला की कानात सळई घातल्यासारखं. तोंडाला घाण वास. याला ड्राय सॉकेट म्हणतात, १८९६ पासून हे नाव चालत आलंय. गुठळी विरघळते किंवा निघून जाते आणि आतलं हाड उघडं पडतं. ओळखायची खूण तारखेत आहे. साधं दुखणं पहिल्या दोन-तीन दिवसांत कळस गाठून उतरत जातं, हे मात्र उतरतं-उतरतंसं वाटून दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उसळतं. खालच्या अक्कलदाढांना याचा त्रास सगळ्यात जास्त. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना अधिक, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही अधिक. मावशी सिगारेट ओढत नाही, पण मशेरी लावते. टाके पडलेल्या तोंडात दुसऱ्याच दिवशी बोटाने मशेरी फिरवली, वर खळखळून चुळा भरल्या. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "तंबाखू कुठं खाते मी?"

ड्राय सॉकेट हा नेहमीच्या अर्थाने जंतूंचा आजार नव्हे. त्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून खाल्ल्याने ठणका थांबत नाही. दवाखान्यात खड्डा हलक्या हाताने धुतात आणि औषधाची पट्टी भरतात, आणि त्या पट्टीला लवंगेचा वास येतो. लवंगेतलं युजेनॉल नसांचे संदेश काही काळ दाबून टाकतं. कांदा-लसूण मसाल्यात लवंग घालणाऱ्या घरांनी म्हणून लगेच तेलाची बाटली काढू नये. निव्वळ लवंगेचं तेल उघड्या जखमेत ओतलं तर पेशी भाजतात. मावशीने तेही करून पाहिलं होतं, हे नंतर कळलं.

मसाल्याचा विषय निघालाच आहे तर तांबड्या रश्श्याचंही बोलू, कारण दाढ काढलेला प्रत्येक कोल्हापूरकर डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारतो. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या दारावर टकटक करतं त्याचं नाव टीआरपीव्ही-१. वेदनेच्या तंतूंवरचा हा एक प्रथिनाचा दरवाजा. १९९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला, २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. गंमत अशी, की हाच दरवाजा उष्णतेनेही उघडतो, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर. म्हणून तिखट 'जाळतं'. जखमेच्या सुजेत जी रसायनं तयार होतात ती या दरवाजाची कडी सैल करून ठेवतात, मग तो कमी तापमानालाही उघडतो. नेहमीचा चहा चटका देतो, मिसळीचा कट आगीसारखा लागतो. सूज उतरली की कडी पुन्हा घट्ट बसते. पांढरा रस्सा कोमट करून प्या, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यात मिरपूड असते हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

गार पाण्याने जी शेजारची दाढ शिवशिवते, तिचं कारण निराळं. अक्कलदाढ आडवी होऊन शेजारणीला टेकलेली असेल, तर शेजारणीच्या मागच्या बाजूचं हाड आधीच झिजलेलं असतं. आडवी दाढ निघाली की शेजारणीचं मूळ थोडं उघडं पडतं. मुळावर दातासारखं कडक कवच नसतं. आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, केसाहून कितीतरी बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव भरलेला. गार पाणी लागलं की हा द्रव हलतो आणि टोकाशी बसलेल्या तंतूंना ओढ बसते. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. कळ सणकन येते आणि गार गेलं की जाते. अशा दाढेसाठी नळ्यांची तोंडं बुजवणारी टूथपेस्ट मिळते आणि काही आठवड्यांत फरक पडतो. गार काढून घेतल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणकत असेल, तर टूथपेस्टवर थांबू नये, दाढ दाखवून घ्यावी.

थांबू नये अशी आणखीही कारणं आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज उतरायची सोडून वाढणं, ताप, गिळताना त्रास, जिभेखाली किंवा गळ्याकडे कडकपणा. यात तास मोजायचे, दिवस नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. वरची दाढ काढल्यावर पाणी प्यायलं की नाकातून येणं, म्हणजे गालाच्या हाडामागच्या सायनसला वाट पडली. सगळं बरं होऊन महिन्याने त्याच जागी गाल पुन्हा सुजणं, कारण हिरडीखाली अडकलेला कचरा उशिराही पिकतो. आणि दोन-तीन आठवड्यांनी काही कडक चावताना जबड्यात 'कट्' असा आवाज. फार विरळ, पण खोल गाडलेली दाढ काढलेल्या जबड्याचं हाड त्या जागी काही काळ कमजोर असतं. चुरमुरे चालतील, खारीक फोडायला जाऊ नये.

राहता राहिला ओठ. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशी हाडातल्या बोगद्यातून ओठ-हनुवटीची नस जाते, काही जणांत तर मुळांना खेटून. म्हणूनच आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढून आणायला सांगतात. नस नुसती दबली असेल तर दिवसांत किंवा काही आठवड्यांत शुद्धीवर येते. आतले तंतू तुटले पण वरची नळी शाबूत असेल, तर तंतू पुन्हा वाढतात, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. दाढेपासून ओठापर्यंतचं अंतर सहा-सात सेंटिमीटर धरा आणि हिशेब करा, दोन महिन्यांच्या पुढेच जातं. वाटेत मुंग्या येतात, बारीक विजा चमकतात, आणि ते बहुतेक वेळा परतीचं लक्षण असतं. महिनोन् महिने जळजळ, नुसता वारा लागला तरी कळ, असं झालं तर ते नसेचं दुखणं. त्याला साध्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत, त्याची औषधं वेगळी.

आमच्या तालमीतल्या एका पोराचं असं झालं होतं. उजवा ओठ आणि अर्धी हनुवटी बधिर. चहा ओघळला तरी पत्ता लागायचा नाही. दाढी करताना कापलं तर आरशात रक्त बघून कळायचं. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून तो हनुवटीला चिमटे काढून बघायचा आणि मान हलवायचा. अकराव्या आठवड्यात न्हाव्याकडे गेला होता. दाढी झाल्यावर न्हाव्याने सवयीने तुरटी फिरवली, आणि हा खुर्चीतून ओरडला, "झोंबली!"