दोन हजारांची कापशी आणि गांधीजींचं वय

गेल्या महिन्यात कोल्हापुरात चप्पल लाईनला कापशी चपलांचा जोड घेतला. दुकानदार म्हणाला, "सांगायची किंमत दोन हजार, तुमच्यासाठी बघू की." घासाघीस करून तेराशेला आणला. सातशे वाचले म्हणून मी खुशीत! पायरी उतरताना मानसशास्त्र शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, त्यानं दोन हजार म्हटलंच नसतं, तर तू किती दिले असतेस?"

त्याला कॉलेजचा प्रकल्प यावरच करायचा होता. फॉर्मही तयार होता : 'सांगितलेल्या किमतीचा तुमच्यावर परिणाम होतो का? हो / नाही.' म्हटलं, फाड तो. 1987 साली अमेरिकेत विद्यार्थी आणि घरांचे मुरलेले दलाल, दोघांनाही एकच घर दाखवून किंमत ठरवायला लावली होती. मालकानं मागितलेल्या आकड्याकडे दोघंही ओढले गेले. दलाल मात्र ते कबूल करायला फारसे तयार नव्हते. माणसाला विचारून हे कळत नाही. दोन गट करायचे, प्रत्येकाला वेगळा आकडा दाखवायचा आणि उत्तरांतला फरक बघायचा.

मला सर्वांत आवडणारा प्रयोग टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या लेखातला. हायस्कूलच्या एका गटाला 8×7×6×5×4×3×2×1 दिलं, दुसऱ्याला तेच उलट, एकपासून. वेळ पाच सेकंद. करून बघा. पहिल्यात आठ साती छप्पन्न, त्याला सहानं गुणलं की 336, तोवर वेळ संपली. दुसऱ्यात बे त्रिक सहा, सहा चोक चोवीस, आणि संपली. पुढचं अंदाजानं वाढवायचं. सगळी उत्तरं चढत्या क्रमानं लावली, तर बरोबर मधलं उत्तर पहिल्या गटाचं 2,250 आलं, दुसऱ्याचं 512. खरं उत्तर 40,320! हाताला लागलेल्या आकड्यावरून मन वर सरकतं, पण फार लवकर थांबतं. याला अँकरिंग म्हणतात. मी खुंटा म्हणतो. जनावर फिरतं, पण दाव्याच्या लांबीइतकंच.

पण स्ट्रॅक आणि मुसवायलर या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये एका गटाला विचारलं, गांधीजी वारले तेव्हा 9 वर्षांपेक्षा लहान होते की मोठे? दुसऱ्या गटाला 9 ऐवजी 140. दोन्ही आकडे हास्यास्पद, तरी पुढे वयाचा अंदाज विचारल्यावर सरासरी 50 आणि 67 आली. (खरं वय 78.) त्यांचं म्हणणं असं की 140 आपण नाकारतो, पण नाकारताना काठी, बोळकं, टक्कल असं सगळं म्हातारपण आठवून जातं आणि तेच वर राहतं. म्हणजे इथे सरकणं नाहीच, आठवणीतलं काय आधी हाताला लागतं तेच बदललंय. गुणाकारात आठवायला काही नसतं, तिथे जुनं स्पष्टीकरण चालतं. एका नावाखाली दोन यंत्रणा आहेत, आणि कुठली कधी चालते यावर मानसशास्त्रज्ञ अजून भांडतात.

गाडीच्या 'लकी' नंबरासाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनी यावरून खूश होऊ नये. आकडा आपला अंदाज हलवतो. ग्रहांचा त्यात काडीचा संबंध नाही.

भाच्याला म्हटलं, रंकाळा तलावाचा घेर विचार. तो म्हणाला, "निम्मं कोल्हापूर सकाळी तिथं फेऱ्या मारतंय, पाठ असणार." शेवटी पन्हाळ्याच्या तटबंदीची लांबी ठरली. लहान आकड्याच्या आणि मोठ्या आकड्याच्या अशा दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या छापून आल्यात. कुणाला कुठली द्यायची, ते नाणं उडवून ठरणार.