मास्तर ‘ओपॅक’ला का शिवले नाहीत?

पंचवटीत राहणाऱ्या, ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना मी नाशिकमधल्या एका ग्रंथालयाची वेबसाइट उघडून दिली आणि म्हटलं, "हे पुस्तक शिल्लक आहे का, बघा बरं." सगळी ग्रंथसूची ‘ओपॅक’ (‘ऑनलाइन पब्लिक अ‍ॅक्सेस कॅटलॉग’ची आद्याक्षरं) नावाच्या बटणामागे होती. मास्तरांनी आधी ‘आमच्याविषयी’ उघडलं, कार्यकारी मंडळाचे फोटो पाहिले, ‘ई-रिसोर्सेस’मध्ये डोकावले आणि चौथ्या मिनिटाला म्हणाले, "जाऊ दे, फोनच करतो." ‘ओपॅक’? "ते मला वाटलं कर्मचाऱ्यांसाठी असेल."

मजा पुढे आहे. साइट कशी वाटली, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, "छान आहे की!" अभिप्रायाचे फॉर्म भरून घेण्यात हीच गोम असते. माणूस भिडेखातर चांगलं बोलतो, खरं काय ते त्याचा माऊस सांगतो.

मतापेक्षा असा पुरावा पाहून निर्णय घ्यायचा, ही ‘पुराव्यावर आधारित काम’ नावाची पद्धत ग्रंथालयांनी वैद्यकशास्त्राकडून उचलली. तिथे १९९०च्या दशकात आग्रह सुरू झाला, की ‘ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात म्हणून’ पुरेसं नाही. प्रसिद्ध झालेलं संशोधन, स्वतःचा अनुभव आणि समोरच्या रुग्णाची गरज असं तिन्ही जमेस धरा. ग्रंथालयात रुग्णाच्या जागी वाचक. ‘ओपॅक’चंच घ्या. जॉन कुपरस्मिथ या अमेरिकी ग्रंथपालाने अनेक ग्रंथालयांनी वाचकांना साइट वापरायला देऊन घेतलेल्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा दिसलं की आद्याक्षरी नावं आणि ‘डेटाबेस’, ‘रिसोर्स’सारखे शब्द वाचकांना कळत नाहीत, ‘पुस्तके शोधा’ कळतं. बटणाचं नाव बदलायला समितीची बैठक कशाला हवी?

अशा चाचणीला माणसंही फार लागत नाहीत. साइट वापरायला किती सोपी आहे, याचे अभ्यासक याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, एका माणसाला तिच्यातल्या सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात. म्हणजे ६९ टक्के राहिल्या. दुसरा त्यातल्या ३१ टक्के टिपतो. असं करत पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. अट एकच, पाचही जण साधारण एकाच प्रकारचे वाचक हवेत. मास्तर आणि स्पर्धा परीक्षेची मुलं यांची मोट बांधून चालत नाही. आणि आपण शेजारी बसून गप्प राहायचं. हे भलतंच अवघड जातं.

पण परदेशी संशोधनात न सापडणारी अडचण मास्तरांनीच दाखवली. सूची उघडून दिल्यावर त्यांनी ‘वाऱ्यावर’ असा शब्द टाकला. उत्तर आलं, शून्य पुस्तके. यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड एका तऱ्हेचा, मास्तरांचा दुसऱ्या. शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घेणाऱ्या चार ओळी प्रोग्राममध्ये घातल्या की काम होतं.

मास्तरांनी शेवटी फोन केला. पुस्तक कपाटातच होतं.