गे फेटिश आर्टमधली (वर्दी, चामडं, बंधन अशा गोष्टींच्या कामुक ओढीवरच्या कलेतली) सत्ता आणि वेदना: हे सगळं आलं कुठून?

टॉम ऑफ फिनलंड या फिनिश चित्रकाराने काढलेली समलैंगिक पुरुषांची चित्रं पहिल्यांदा बघितली की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, हे पोलीस, सैनिक, चकचकीत बूट, पट्टे, बांधलेले हात एवढं सगळं कशाला? दोन पुरुषांमधली ओढच दाखवायची तर साधेपणाने दाखवता आली नसती का? तर नाही, बराच काळ खरंच नसती आली, आणि सगळी गोम तिथेच आहे. पुरुषाने पुरुषाला प्रेमाने हात लावलेला चालत नव्हता, पण मारलेला, बांधलेला, पकडून नेलेला चालत होता. म्हणजे वेदना हा आधी परवाना होता, विषय नंतर झाला.

याचं सगळ्यात जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे सेंट सेबॅस्टियन. हा ख्रिस्ती हुतात्मा, त्याला खांबाला बांधून बाण मारले अशी कथा. रेनेसाँच्या आणि त्यानंतरच्या युरोपियन चित्रकारांना तरुण उघडा पुरुषदेह चर्चमध्ये लावायला याच्याइतकं सोयीचं दुसरं निमित्त क्वचितच मिळालं असेल. इटालियन चित्रकार गुइदो रेनीने 1615 च्या आसपास केलेला सेबॅस्टियन नीट बघा, हात डोक्यावर बांधलेले, अंगात मोजकेच बाण, रक्त जवळपास नाहीच, आणि चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा भलतंच काहीतरी. सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने तर एका चित्रकाराच्या सेबॅस्टियनबद्दल लिहून ठेवलंय की तो बघून बायका पाद्र्यापुढे कन्फेशनमध्ये पापी विचारांची कबुली द्यायला लागल्या म्हणून चित्र चर्चमधून हलवावं लागलं (पुरुषांनी काय कबुली दिली ते त्याने लिहिलेलं नाही). पुढे जपानी लेखक युकिओ मिशिमाने 1949 च्या कादंबरीत रेनीचं हेच चित्र नायकाच्या पहिल्या उत्तेजनाचं कारण म्हणून आणलं, आणि नंतर किशिन शिनोयामाच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच बाण लावून सेबॅस्टियन बनून उभा राहिला.

आता थेट अमेरिकेत या. बॉब मायझरने 1945 मध्ये लॉस एंजेलिसला अ‍ॅथलेटिक मॉडेल गिल्ड नावाचा स्टुडिओ काढला आणि 1951 पासून फिजिक पिक्टोरियल हे छोटंसं मासिक. वरवर बघता व्यायामाचं मासिक, आत लंगोटावरचे पिळदार तरुण. अश्लील मजकूर पोस्टाने पाठवणं गुन्हा होता, त्यामुळे दोन पुरुष एका फ्रेममध्ये आणायचे तर काहीतरी कथा लागायची, मग कुस्ती, ग्लॅडिएटर, गुलाम आणि मालक, चोर आणि पोलीस. कुस्तीत मिठी मारली तर कोण काय बोलणार? मासिकाच्या पानांवरच या सगळ्या भूमिकांची सवय लागत गेली. 1962 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशी फिजिक मासिकं अश्लील नाहीत असा निकाल दिला आणि हळूहळू पडदा गरजेचा राहिला नाही, पण तोवर पडद्याचीच गोडी लागली होती.

याच फिजिक पिक्टोरियलच्या 1957 च्या अंकाच्या कव्हरवर फिनलंडहून आलेलं चित्र छापलं गेलं, ओंडके वाहून नेणाऱ्या गड्यांचं. चित्रकार तौको लाक्सोनेन, जन्म 1920, दिवसा जाहिरात कंपनीत नोकरी आणि रात्री पेन्सिल. टॉम ऑफ फिनलंड हे नाव मायझरने दिलेलं. दुसऱ्या महायुद्धात हा विमानविरोधी तोफखान्यात अधिकारी होता, हेलसिंकीच्या ब्लॅकआऊटमध्ये सैनिकांशी झालेल्या अंधारातल्या भेटी आणि त्यांच्या वर्दी त्याच्या डोक्यात कायमच्या बसल्या. त्यात जर्मन वर्दीही होत्या, तशी चित्रंही त्याने काढली. नाझी विचार घृणास्पद, पण वर्दी आकर्षक, अशी त्याची बाजू. मला हे अजूनही पचत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही.

त्याची कारागिरी मात्र जवळून बघण्यासारखी. बुटाच्या चामड्यावरची चकाकी तो नुसत्या शिसपेन्सिलने आणायचा, गडद काळ्यातून कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापर्यंत, आणि तेवढीच मेहनत दंडावर आणि पोलिसाच्या टोपीवरही. 1968 पासून त्याने काके या लेदरवाल्या, म्हणजे चामड्याचे कपडे घालणाऱ्या, हिरोची कॉमिक्स काढली, 26 अंक. त्यात पकडणारा आणि पकडलेला ही जागा सारखी बदलते, एका पानावर जो गुडघ्यावर तो पुढच्या पानावर वर, आणि शेवटी सगळे हसत असतात. फिनलंडमध्ये समलैंगिक संबंध 1971 पर्यंत गुन्हा होते, म्हणजे ज्या पोलिसाची भीती वाटायची त्यालाच कागदावर आपल्यात ओढून घ्यायचं, असा तो हिशोब.

शिकागोत डॉम ओरेहुदोस उर्फ एतिएन हा चित्रकार हेच जास्त कडक काढायचा, चाबूक आणि साखळ्यांसकट, आणि गोल्ड कोस्ट या लेदर बारच्या, म्हणजे लेदरवाल्या गे पुरुषांच्या बारच्या, भिंतींवर त्याची म्युरल्स होती. 1975 मध्ये याच लेदरवाल्यांचं ड्रमर मासिक आलं. फोटोग्राफर रॉबर्ट मेपलथॉर्पने त्याच्या कव्हरसाठी फोटो दिला आणि न्यूयॉर्कच्या लेदर जगाचे असे फोटो काढले की लोक अजून भांडतात. तो 1989 मध्ये एड्सने गेला, पुढच्या वर्षी सिनसिनाटीत त्याच्या सात फोटोंवरून म्युझियमवर आणि डायरेक्टरवर अश्लीलतेचा खटला चालला. निर्दोष सुटले, पण बचावाचे तज्ज्ञ कोर्टात बोलले ते रचना आणि प्रकाशाबद्दल. वेदनेबद्दल कोणी बोलायलाच तयार नव्हतं, मला ते जरा पळपुटंच वाटतं.

इंग्लंडमध्ये उलट झालं. तिथे पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ लागला, त्यात पुरुष एकमेकांना राजीखुशीने वेदना देत होते, आणि 1993 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की संमती हा बचाव होऊ शकत नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र नाक फोडलं तरी चालतं! म्हणजे पुन्हा तेच, खेळ असेल तर मार चालतो, सुख असेल तर नाही.

आणि जपानचा गेंगोरो तागामे, जन्म 1964. याची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, टॉमच्या अगदी विरुद्ध टोकाची. दणकट, केसाळ, मध्यमवयीन पुरुष, आणि छळ खरोखरचा, जागा उलटत नाहीत, शेवटी कोणी हसत नाही, माणूस मोडतो आणि त्या मोडण्यातच त्याला काहीतरी सापडतं. टॉमकडे सत्ता हा पोशाख आहे, तागामेकडे ती घर, सैन्य, इभ्रत यातून आलेली खरी सत्ता आहे, म्हणून त्याची पानं वाचायला जड जातात आणि बाजूलाही ठेवता येत नाहीत. स्वतःच्या आधीच्या जपानी गे चित्रकारांचं काम गोळा करून त्याने 2003 पासून पुस्तकंही काढली. याच माणसाने पुढे भावाच्या परदेशी नवऱ्याबद्दलची साधी, घरगुती मांगा लिहिली, तिला 2018 मध्ये कॉमिक्ससाठीचा आयझ्नर पुरस्कार मिळाला, आणि ती वाचून भारावून ज्यांनी त्याचं जुनं काम शोधलं असेल त्यांची तोंडं बघायला मिळायला हवी होती.