विरळ हवेतला एक तास

बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकला आणि पाच वेळा जिरो द इटालिया. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याच्या तोडीची कारकीर्द दुसऱ्या कुणाचीच नाही, असं मी बेधडक म्हणेन. पण त्याच्या ताकदीमागचं विज्ञान समजून घ्यायला एकच तास पुरतो: २५ ऑक्टोबर १९७२ चा, मेक्सिको सिटीतला. त्या दिवशी त्याने तासाच्या विक्रमावर हल्ला चढवला: गोल ट्रॅकवर एकट्याने तासभर सायकल हाणायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. ना चढ, ना डावपेच, ना कुणाच्या पाठीमागे लपायची सोय.

ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात सायकलपटूची जवळजवळ सगळी शक्ती हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर या विरोधासाठी सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती हवी! म्हणून मेक्सिको सिटी. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या या शहरात हवा वीसेक टक्क्यांनी विरळ असते.

पण फुप्फुसांत जाते तीही हीच हवा. प्राणवायू तिथेही २१ टक्केच, मात्र दाब कमी असल्यामुळे दर श्वासात त्याचे रेणू कमी येतात आणि तासभर टिकणारी ताकद घटते. ही घट विरोधातल्या घटीपेक्षा कमी असते, म्हणून सौदा परवडतो. मर्क्सने सरावही तसाच केला होता: घरी रोलरवर, म्हणजे जागच्या जागी पायडल मारता येईल अशा फिरत्या नळकांड्यांवर, सायकल चढवायची, तोंडाला मास्क लावायचा आणि कमी प्राणवायूची हवा ओढत पायडल मारत राहायचं.

एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी पावणेसहा किलोंची सायकल घडवली. वजन वाचवायला साखळीच्या कड्यांनाही भोकं पाडली होती. मला या कारागिरीचं अपार कौतुक आहे. पण सपाट ट्रॅकवर वजन जाणवतं ते मुख्यतः सुरुवातीला वेग घेताना. पुढे गाठ हवेशीच असते, आणि चाकं होती साधी तारांची, हँडल नेहमीचं वळणदार.

सुरुवात त्याने तुफान केली. पहिले १० किलोमीटर ११ मिनिटं ५३ सेकंदांत, म्हणजे ताशी साडेपन्नासच्या वेगाने. घनाच्या हिशेबात असा वेग फार महाग पडतो. त्यात १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवरच्या अपघातात मणक्याला आणि कटिभागाला झालेली इजा होतीच. वाकून एकाच स्थितीत बसणं त्याला तेव्हापासून जड जाई. तरीही तासाअखेर अंतर भरलं ४९.४३१ किलोमीटर. डेन्मार्कच्या ओले रिटरचा तिथलाच १९६८ चा विक्रम ७७८ मीटरने मागे पडला.

१९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने त्याच शहरात, हवा सहज कापणाऱ्या बिनतारांच्या भरीव चाकांवर ५१ किलोमीटर ओलांडले. मग २००० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या विक्रमासाठी मर्क्सच्या काळासारखीच सायकल सक्तीची केली, आणि ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरच्या दाट हवेत ४९.४४१ किलोमीटर गाठले. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. त्या वेगात हे अंतर पाऊण सेकंदात कापलं जातं.