इंजिनबदलातील इंजिन-संगणक

मोटारगाडीतील मूळ इंजिन काढून दुसऱ्या जातीचे बसवताना, नव्या इंजिनाचे इंधन व ठिणगी सांभाळण्यासाठी निवडावा लागणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. बोलीत ‘ईसीयू’ (इंजिन कंट्रोल युनिट).

पहिला इंजिन-संगणक कोणता याविषयी एकमत नाही. काही जण हा मान बेंडिक्स कंपनीच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’ला (अमेरिका, सु. १९५७-५८) देतात. बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक या इंधन-फवारणी यंत्रणेचे (१९६७) मूळही त्यातच आहे. मात्र दोन्ही यंत्रणा अ‍ॅनालॉग (आकडेमोडीऐवजी सलग बदलत्या विद्युत-संकेतांवर चालणाऱ्या) असल्याने त्यांना संगणक म्हणणे सैलपणाचे ठरते. १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोतील ‘मिसार’ यंत्रणा मायक्रोप्रोसेसरवर चाले खरी, पण ती केवळ ठिणगीची वेळ ठरवी. इंधन व ठिणगी एकाच डिजिटल पेटीत आणणारी बॉशची मोट्रॉनिक (१९७९, बीएमडब्ल्यू ७३२आय) येथे आरंभबिंदू धरली आहे; इंजिनबदलात अशी पेटी गाडीची नसून इंजिनाची धरतात.

निवडीत निर्णायक ठरते ते क्रँकवरील (पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्यावरील) दातेरी चाक; त्यावरून संगणक क्रँकची स्थिती ओळखतो. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेत (१९९७ च्या कॉर्व्हेटपासून) आरंभीच्या इंजिनांचे चाक २४ खुणांचे, तर नंतरच्यांचे ५८ दात्यांचे आहे. दुसऱ्यात ६० जागांपैकी दोन रिकाम्या असतात. दर दाता ६ अंशांचा, आणि रिकामी फट आली की क्रँक कोठे आहे ते संगणकाला कळते. पहिल्यात तेच काम रुंद-अरुंद स्पंदांच्या क्रमाने होते. एकाची भाषा दुसऱ्याच्या संगणकाला समजत नाही. चाक ब्लॉकच्या आत क्रँकवर दाबून बसवलेले असल्याने बाहेरून दिसत नाही. स्टार्टर उतरवून त्यामागचा, हे चाक वाचणारा सेन्सर पाहतात. काळा असल्यास बहुधा २४, करडा असल्यास ५८. (सेन्सर आधी कोणी बदललेला नाही ना, हेही पाहावे.) जुळत नसल्यास मधे रूपांतरक पेटी घालतात किंवा स्वतंत्र (वेगवेगळ्या इंजिनांना जुळवून घेता येणारा) संगणक घेतात. नव्या इंजिनासोबत आलेला मूळ संगणक ठेवल्यास त्यातील चोरीरोधक कुलूप आधी बंद करावे लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते.

स्वतंत्र संगणकांत ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांचा ‘मेगास्क्वर्ट’ (सु. २००१) प्रसिद्ध. त्याची पहिली आवृत्ती फक्त इंधन पाही. मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील) दाब, हवेचे तापमान व ८×८ च्या भरण-कोष्टकावरून (सिलिंडर कोणत्या वेगाला व भाराला हवेने किती भरतो याच्या तक्त्यावरून) ती हवेचे वजन काढी. ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः हे कोष्टक भरणे. संगणक ठिणगीही सांभाळत असल्यास त्याआधी टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) क्रँकच्या पुलीवरची खूण तपासतात: संगणकाने ठिणगी १० अंशांवर म्हटली तर खूणही १० वरच दिसली पाहिजे. हे चुकले तर पुढचे सगळे आकडे खोटे. मग वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) पाहत सौम्य भाराला हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७:१ जवळ आणि पूर्ण भाराला त्याहून दाट (पेट्रोल जास्त) ठेवतात. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की इंधन फवारणारा इंजेक्टर उशिरा उघडतो. ही भरपाई राहून गेल्यास हेडलाइट लावताच आयडलिंग डगमगते.

कॅलिफोर्नियात बसवायचे इंजिन गाडीच्या सालाचे वा नंतरचे असावे लागते आणि त्याची प्रदूषणनियंत्रक साधने सोबत यावी लागतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे वाहनातील फेरबदलांविषयीचे कलम ५२ लागू होते.