व्हीजीटी म्हणजे मोठा टर्बो नव्हे

"माझी 75 पीएसवाली डिझेल स्विफ्ट आहे. भंगारातून अर्टिगाचा व्हीजीटी उचलला आणि बसवला, तर 90 पीएस होईल ना?"

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. (पीएस म्हणजे अश्वशक्ती. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि व्हीजीटी म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, धुराची वाट लहानमोठी करणारा.) नाही होणार. आणि का नाही, ते सांगायला लागलं की पाचव्या मिनिटाला ठरलेलं वाक्य येतं: "पण व्हीजीटी म्हणजे मोठा टर्बोच ना?" तिथे माझा चहा गार होतो.

इंजिनाबद्दल फार बोलत नाही, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ते पाठ असतं. फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट. मारुतीत गेलं की डीडीआयएस, टाटात गेलं की क्वाड्राजेट. आपल्या रांजणगावातही बनलं, मानेसरलाही बनलं, आणि 2020 च्या बीएस 6 प्रदूषण नियमांपाशी त्याचा इथला कारभार आटोपला. 75 पीएसवर बोर्गवॉर्नर कंपनीचा केपी 35 टर्बो, 90 पीएसवर बीव्ही 35. नावं नीट वाचा. 35 दोन्हीकडे आहे, बदललीत ती पुढची अक्षरं.

टर्बो उघडून टेबलावर ठेवला की दोन शंख दिसतात, एकमेकांना पाठ लावून बसलेले. एक काजळलेला ओतीव लोखंडाचा, ती गरम बाजू. सायलेन्सरकडे निघालेला धूर तिथलं चाक फिरवतो. दुसरा अॅल्युमिनियमचा, ती थंड बाजू. तिथलं चाक एअर फिल्टरमधून हवा ओढतं आणि दाबून इंजिनात ढकलतं. मध्ये एकच दांडा. सगळा गोंधळ या दोन बाजूंची सरमिसळ केल्याने होतो.

व्हीजीटीची करामत गरम बाजूला आहे, आणि फक्त तिथेच. चाकाभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. इंजिन हळू फिरत असलं की पाती मिटतात, वाट चिंचोळी होते, थोडकाच धूर वेगाने चाकावर आपटतो. आपण अंगणात पाणी मारताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो, तेच. इंजिनाने वेग घेतला की पाती उघडतात आणि धूर न तुंबता निघून जातो. केपी 35 मध्ये हे काही नाही. वाट कायम तेवढीच अरुंद, आणि धूर जास्त झाला की वेस्टगेट नावाचं झाकण उघडून उरलेला चाकाला वळसा घालून बाहेर सोडायचा.

म्हणजे पात्यांमुळे ठरतं ते हवा केव्हा मिळणार. किती मिळू शकेल, ती कमाल मर्यादा थंड बाजूचं चाक ठरवतं. मोठा टर्बो म्हणतात तो हे चाक मोठं असलेला. केव्हा आणि किती. एवढे दोन शब्द डोक्यात बसले तर निम्म्या गॅरेजवाल्यांची भाषणं तुम्हाला ऐकावी लागणार नाहीत.

कंपनीचेच आकडे बघा. 75 पीएसवाल्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 2000 आरपीएमला 190 एनएम, 90 वाल्याचा 1750 ला 200. फक्त दहाचा फरक! खरी गंमत 4000 आरपीएमवर आहे, जिथे दोन्ही इंजिनं आपली कमाल ताकद देतात. 75 पीएसचा हिशोब उलटा केला तर तिथे टॉर्क साधारण 132 एनएम उरलेला असतो, 90 पीएसचा 158. अरुंद वाटेचा टर्बो वर गुदमरतो, पाती उघडणारा गुदमरत नाही.

"मग बसवू की व्हीजीटी!" थांबा. डिझेल इंजिनात ताकद डिझेलची असते. हवा वाढवली आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, इंजेक्टरला डिझेल पूर्वीइतकंच सोडायला लावलं, तर फार तर धूर कमी दिसेल. पात्यांनाही ईसीयूच हुकूम देतो, आणि 75 च्या ईसीयूला पाती नावाचा प्रकारच ठाऊक नाही. त्याच्या वेस्टगेटची काडी हवेच्या दाबाने ढकलली जाते. मग जुगाड सुरू होतो. पाती मधल्या कुठल्यातरी जागी बोल्टने आवळून टाकायची. झालं! दामदुप्पट देऊन तुम्ही फिक्स्ड टर्बोच विकत घेतलात, तोही खाली सुस्त आणि वर बिनलगामी, कारण व्हीजीटीला सहसा वेस्टगेट नसतंच. ही चाकं मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतात. तिथे लगाम नसणं म्हणजे काय, ते फुटलेलं चाक हातात घेतल्यावर कळतं.

दुसरा स्वस्त इलाज वेस्टगेटच्या काडीला दोन आटे जास्त देण्याचा. गेजवर दाब वाढतो आणि मालक खूश. पण गेज दाब दाखवतो, हवा नाही मोजत. बाहेर 35 अंश आहेत आणि टर्बो 1 बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब, देतोय असं धरा. थंड बाजूची कार्यक्षमता 70 टक्के असेल तर हवा इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) आधी 131 अंशांपर्यंत तापते. चाक आवाक्याबाहेर पळवून ती 50 टक्क्यांवर आली तर 170 पर्यंत. काटा दोन्ही वेळा एकावरच, पण दुसऱ्या वेळी इंटरकूलरच्या तोंडाशी येणारी हवा जवळपास 9 टक्के विरळ. तापलेली हवा फुगते, शाळेत शिकलोय सगळे.

माझं मत विचाराल तर 75 पीएसवाल्याने आधी होज, क्लॅम्प, इंटरकूलर आणि इजीआरमधली (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेतली) काजळी बघावी. मग समजूतदार रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या प्रोग्रॅममधले बदल. त्यावरही हौस उरली तर हायब्रिड, म्हणजे केपी 35 च्याच शंखात कोरून बसवलेलं थोडं मोठं थंड चाक. सगळे पाइप जिथल्या तिथे लागतात. फक्त बॅलन्सिंग मशीनवर करून घ्या, डोळ्याने नाही, आणि रिमॅप त्या चाकासाठी पुन्हा करा. क्लचचे पैसे बाजूला ठेवाच. आणि 90 पीएस हवेतच असतील तर गाडी विकून 90 वाली घ्या, ते स्वस्त पडतं. शहरात मात्र मला अजूनही 75 च बरी वाटते.

डिझेलला 'फुस्स' आवाजाचा, दाबलेली हवा बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व्ह लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. पेट्रोलवाल्यांनी व्हीजीटीचा नाद सोडावा. पेट्रोलचा धूर बराच जास्त गरम, त्यात टिकणारी पाती महाग. 2006 मध्ये पोर्शेने 911 टर्बोला दिली, त्या गाडीची किंमत आठवा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 वाचून ठेवा आणि विमावाल्याला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी कळेल.

आमच्या एका मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि तरी व्हीजीटी बसवलाच, बोल्ट आवळून. खंबाटकीत गाडी दुसऱ्या गियरवर काळा धूर ओकत चढायला लागली. शेवटी जुना केपी 35 परत चढवताना इंटरकूलरचा होज हातात आला. क्लॅम्पच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर. मुळात दम कमी पडत होता तो त्या चिरेमुळे. होज बदलला, आता घाट तिसऱ्यात होतो. व्हीजीटी त्याने विकायला काढलाय. परवा पहिला फोन आला: "साहेब, 75 पीएस स्विफ्टला बसेल ना?"