वेबपानाचा ग्रिड आराखडा आणि कच्ची रेखाटने

वेबपानावरचा मजकूर, चित्रे, तक्ते आणि बटणे ठरावीक रुंदीच्या उभ्या रकान्यांच्या आधाराने मांडण्याच्या पद्धतीला ग्रिड आराखडा म्हणतात. असा आराखडा पहिल्या बैठकीत क्वचितच जमतो. कागदावर तो पुन्हा पुन्हा काढून, तपासून पक्का केला जातो.

ही पद्धत छपाईतून आली. स्विस रचनाकार योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांनी १९८१ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. वेबवर २००८ च्या सुमारास ९६० पिक्सेल रुंदीची, १२ रकान्यांची मांडणी रुळली. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो, हे तिचे बळ. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली ग्रिड मांडण्याची सोय, आले आणि कागदावरची चौकट जवळजवळ तशीच पडद्यावर उतरवता येऊ लागली.

खानदेशातल्या वाचकाला हे केळीच्या बागेवरून चटकन कळेल. दोरी धरून १.५ बाय १.५ मीटरवर खुणा केल्या की रांगा सरळ येतात. पण घड बाहेर काढायला वाट कुठे सोडायची, हे बागेत काम करणाऱ्याचाच विचार करून ठरवावे लागते.

समजा, रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर इथल्या केळीभावाचे पान करायचे आहे. १२ रकाने पेनाने एकदाच आखावेत, त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने रेखाटावे. खालच्या रेघा दिसत राहतात, त्यामुळे दर वेळी फक्त वरचा कागद बदलतो. पहिल्या रेखाटनात भाव, हवामान आणि बातम्या यांना प्रत्येकी ४ रकाने दिले, तर तिन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या दिसतात. दुसऱ्यात भावाला ८ आणि हवामानाला ४ रकाने दिले की नजर आधी भावावर जाते. तिसरे रेखाटन मोबाइलसाठी, एकाच उभ्या पट्टीचे. इथे भावाच्या आधी जाहिरात येत असेल, तर ती खाली न्यावी. भर उन्हात बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आकडा आधी दिसला पाहिजे.

रेखाटनात मजकुराच्या जागी नागमोडी रेघा ओढण्याची सवय मराठी पानांना फार नडते. ‘यावल’ जिथे सहज मावते तिथे ‘मुक्ताईनगर’ तुटते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेघेच्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. खरे शब्द, तेही सर्वांत लांब, पहिल्या कागदापासून लिहावेत.

एकच चौकट सलग दोन-तीन रेखाटनांत त्याच रेघेवर अडत असेल, तर मजकुराची ओढाताण करू नये, रकान्यांची संख्या किंवा रुंदी बदलावी. जुने कागद क्रमांक घालून ठेवावेत. चौथ्या खेपेला बहुधा दुसऱ्यातलीच एखादी गोष्ट परत घ्यावी लागते.

सीएसएस ग्रिडमध्ये पानाच्या भागांना नावे देता येतात आणि ती देवनागरीतही चालतात. त्यामुळे बटर पेपरवरच्या चौकटीत लिहिलेले ‘भाव’ किंवा ‘हवामान’ हे नाव कोडमध्येही तसेच ठेवता येते.